म्हसोबाचं वळण

तळ्याभोवतीची वाट गोल जायची होती.
नकाशात तशीच होती म्हणे,
कंपासाने काढल्यासारखी.
पण ओढ्याच्या तोंडाशी शेंदराचा दगड निघाला
आणि जेसीबीवर बसलेल्या पोरानं
चावी काढून खिशात घातली.
इंजिनिअर बोलला, कंत्राटदार बोलला,
शेवटी वाटेचीच समजूत काढली.
तिथे ती वाकते.
तिथेच मी पडते.

वय अठ्ठावन्न, सायकल नातवाची,
घंटीवर वाघाचं चित्र.
नातू पुण्याला गेला, वाघ माझ्या वाट्याला आला.

सहाला फाटक उघडतं.
सुभेदार मुचंडीकर पहिले,
रिटायर झाले तरी टाच आपटायची सवय जात नाही;
त्यांच्या मागे वासराएवढी त्यांची सावली.
मग बेटगेरीकरांच्या दोघी जावा,
सायकलीच्या पट्ट्यावरून हात हलवत,
कालच्या लग्नात आमटी कशी संपली ते सांगत.
मी घंटी वाजवते.
त्या बाजूला होतात, आमटी थांबत नाही.
बागेतल्या लोखंडी झुल्यावर कुणी कंबर फिरवतंय,
जलपर्णीत एक वंचक
उभा आहे वर्गाबाहेर काढल्यासारखा.

"काय करूलास गं मालू, ह्या वयात?"
धाकटी जाऊ विचारते.
पडूलोय, मी सांगते, आणि काय.

वॉचमन चन्नबसप्पा, बैलहोंगलचा,
शिट्टी गळ्यात, काठी काखेत.
मराठी त्याला येतं, पण घाईत येत नाही.
मी पडले की तो धावत नाही,
लांबूनच ओरडतो:
"मुंद नोड्री अक्का, केळग नोडब्याड्री!"
पुढं बघा, खाली बघू नका.
पण माझी नजर दगडावर जाते,
नजर जाते तिकडे चाक जातं,
आणि म्हसोबासमोर माझा
रोजचा साष्टांग.

वळणाच्या अलीकडे एक पाटी आहे, कन्नडमध्ये.
आमच्याकडे पाट्यांवरून डोकी फुटली आहेत,
म्हणून मी पाट्या बघते, वाचत नाही.
पण गुडघ्यावर हळद दाबून बसलं की
समोर दुसरं काही नसतं.

पहिलं अक्षर ओळखीचं निघालं.
निपाणीच्या एसटीवर असतं ते,
माहेरी जाताना तीस वर्षं
त्याच्याच मागे धावले मी, पिशवी सांभाळत.
नि.
दुसरं धारवाडच्या गाडीचं.
त्या गाडीत कधी बसले नाही,
पण आमची गाडी यायच्या आधी तीच लागायची.
धा.
तिसरं नंदगडचं, टिंब तेवढं पुसून.
न.

निधान.
मी मोठ्यानं वाचलं.
पुढे आणखी चार-पाच अक्षरं होती,
त्यांच्या गाड्या मला ठाऊक नाहीत.
तळ्याकाठी कुणी निधान पुरलंय,
आणि सरकारनं त्यावर चक्क पाटी लावलीय?
चन्नबसप्पाला विचारलं,
तर तो काठीवर रेलून हसला.
"निधान म्हंजे सावकाश, अक्का.
हळू जावा म्हणत्यात."

मी कितीतरी वेळ तिथेच बसले.
तुमच्यात हळू, आमच्यात पुरलेलं सोनं,
आणि शब्द एकच, न भांडता
दोन्हीकडे राहतो.

त्यानंतर दगडाकडे बघितलं नाही.
म्हणजे, बघितलं,
पण वाट वाकल्यावर जे समोर येतं तिकडे आधी:
पाणी, चिंचेची फांदी,
सांब-याकडे उतरणारं एक विमान.
चाक आपोआप वळलं.
मागून शिट्टी वाजली, लांब,
लग्नातल्या सनईसारखी बेसूर.
सुभेदारांनी चालता चालता
हात कपाळाला लावला,
मला की म्हसोबाला, कळलं नाही.

फाटक जवळ आलं तेव्हा आठवलं,
थांबायचं कुणी शिकवलंच नाही.
रोज पडूनच थांबत होते ना मी.

बेटगेरीकरणी बाजूला झाल्या.
वाघ वाजवला,
दुसरी फेरी सुरू.